घराला तारण

जालन्यातल्या एका रविवारच्या उपासनेत लूकच्या शुभवर्तमानातला, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातला, जक्कय नावाच्या जकातदाराचा उतारा वाचला जात होता. ‘आज या घराला तारण...’ एवढं कानावर पडलं आणि शेजारी बसलेला माझा भाचा हळूच म्हणाला, “किती लाखाचं, मामा?”

भाचा एका पतसंस्थेत कर्जखात्यावर बसतो. सोनेतारण, मालतारण, घर तारण, सातबाऱ्यावर बोजा, हे त्याचं सहा दिवसांचं जग. सातव्या दिवशी तोच शब्द पाळकांच्या तोंडून ऐकला की त्याचं डोकं सोमवारकडे वळतं. मी त्याला कोपरानं ढोसलं खरं, पण उपासना संपेपर्यंत तो प्रश्न माझाही पिच्छा सोडेना. बँकेतलं तारण म्हणजे अडकवून ठेवलेली वस्तू. चर्चमधलं तारण म्हणजे सुटका. एकाच शब्दाचे असे उलटे अर्थ?

घरी आल्यावर जेवताना मी त्याला जे सांगितलं ते जरा नीट लावून इथे लिहितो आहे. ‘हे ख्रिस्ती लोक सारखं पाप पाप काय करायलेत’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. आणि संडे स्कूलपासून हे शब्द पाठ आहेत, पण कधी उलटून पाहिले नाहीत, अशा आमच्याच मंडळींसाठीही.

गोफण, तिफण आणि बांध

मराठीत पाप म्हटलं की पाठोपाठ पुण्य येतं. दोन रकाने, जमा आणि नावे, आणि शेवटी चित्रगुप्तासमोर ताळेबंद. बायबलमधला पापाचा विचार या वहीपासून सुरू होत नाही.

जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, मुख्यतः हिब्रू भाषेत लिहिलेला आहे. त्यात पापासाठी सगळ्यात जास्त येणारा शब्द ‘खाता’ या धातूपासून निघालेला आहे आणि या धातूचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. शास्ते नावाच्या पुस्तकात बन्यामीन वंशातले 700 डावखुरे गोफणवाले आहेत. केसावर दगड मारला तरी त्यांचा नेम चुकायचा नाही, असं तिथे म्हटलंय, आणि ‘चुकणे’ला तिथे हेच क्रियापद आहे. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून ज्याने गोफण फिरवली आहे त्याला पुढचं सांगायला नको. सुटलेला दगड कुठेतरी पडतोच. पाखराला लागला नाही म्हणून तो हवेत विरत नाही, कधी शेजारच्या रानात निंदायला बसलेल्या बाईला लागतो.

दुसरा शब्द ‘आवोन’, म्हणजे वाकडेपणा. तिफणीचं पहिलं तास वाकडं गेलं की दुसरं त्याच्या अंदाजाने जातं, तिसरं दुसऱ्याच्या. संध्याकाळी बांधावरून पाहिलं तर अख्खं रान वाकडं, आणि शेवटचं तास धरणाऱ्याची चूक म्हणावी तर तीही नाही. या शब्दाची आणखी एक गंमत आहे. वाकडी करणी, तिचा दोष आणि तिचं फळ, तिन्हींना हिब्रूत हाच शब्द चालतो. काईनाने भावाचा खून केल्यावर तो देवाला म्हणतो, माझं आवोन मला सोसवत नाही. आता इथे ‘अपराध’ लिहायचं की ‘शिक्षा’, यावर भाषांतरकार आजवर अडतात. हिब्रू माणसाला तो प्रश्नच पडत नव्हता.

तिसरा शब्द ‘पेशा’. धंदा नव्हे, बंड, ज्याच्याशी करार आहे त्याच्याशीच फितुरी. बांध कोरणारा माणूस चुकून कोरत नाही. तो दरसाल नांगराचं एकच तास जास्त घेतो आणि वर शेजाऱ्याला रामराम घालतो. त्याला पेशा म्हणायचं.

स्तोत्रसंहितेतल्या 51व्या स्तोत्राच्या सुरुवातीच्या दोनच ओळींत हे तिन्ही शब्द एकापाठोपाठ येतात. म्हणजे चुकणं, वाकडं होणं आणि जाणूनबुजून मोडणं. मोडतं ते नातं, देवाशी आणि शेजाऱ्याशी असं दुहेरी. एदेन बागेच्या गोष्टीत आदाम आणि त्याची बायको देवाने मना केलेलं फळ खातात, त्याबरोबर काय होतं पाहा. वीज पडत नाही. दोघं झाडांमागे लपतात. देव विचारतो, तू कोठे आहेस? आदाम बोट दाखवतो बायकोकडे, तेही ‘तू दिलेली बायको’ असं म्हणून, म्हणजे अर्धा दोष देवाच्याच पदरात. बायको बोट दाखवते सापाकडे. भूमीवर काटेकुसळे उगवण्याची गोष्ट त्यानंतर येते. आणि त्या दोघांना बाहेर काढण्याआधी देव त्यांच्यासाठी कातड्याचे कपडे करतो, त्यांना घालतो. लहानपणी या एका ओळीकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. काईनालाही तो हाकलतो, पण कुणी मारू नये म्हणून अंगावर खूण करून.

पाप जन्मानेच येतं का, यावर चर्चमध्ये मतं वेगळी आहेत. पाश्चात्त्य चर्चवर ऑगस्टीन या जुन्या धर्मपंडिताचा प्रभाव आहे. त्याच्या मते आदामाचा दोषही वारशाने येतो. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्च म्हणते की दोष नव्हे, मरण आणि वाकडेपणाकडचा कल येतो. माझं पहिल्या तासाचं उदाहरण पूर्वेकडे झुकतं, हे मला मान्य आहे.

किल्लारी

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांमध्ये सुमारे दहा हजार माणसं गेली. बहुतेक जण दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या जड माळवदांखाली गेले. अशा वेळी एक वाक्य गावोगाव फिरतं: पाप वाढलं होतं. ते बोलणारे सगळ्या धर्मांत निघतात, आमच्यातही.

नेमकं हेच वाक्य येशूसमोर आलं होतं. यरुशलेमेत शिलोह इथला बुरूज पडून 18 माणसं मेली होती. येशूने लोकांना विचारलं, ती बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच उत्तर दिलं: नाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? तिथेही उत्तर तेच: याचंही नाही, आईबापांचंही नाही. प्रवचनात बरेच जण इथेच थांबतात, पण बुरुजाबद्दलच्या उत्तराला पुढे एक वाक्य आहे: तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही असाच नाश होईल. मेलेल्यांचा हिशेब काढू नका, जिवंत आहात तोवर स्वतःचं बघा, असं ते बोलणं आहे.

मग पापाचा परिणाम वगैरे काही नाही का? आहे, पण तो असा आभाळातून नेम धरून पडत नाही. येशूचा प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात लिहितो, माणूस जे पेरतो त्याचंच पीक त्याला मिळतं. सोयाबीन पेरून हरभरा काढता येत नाही, एवढं साधं. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते आठवतं ना? पाऊस न पडणं कुणाचं पाप नव्हतं. पण धरण आटत असताना ऊस वाढवत नेणं, बोअरवर बोअर खाली नेणं, यात माणसाचा हात होता. आणि रांगेत घागर घेऊन उभी होती ती बहुधा ज्यांच्याकडे ना ऊस होता ना बोअर. पापाचा परिणाम हा असा असतो, करणाऱ्याच्याच दारात थांबत नाही. होशेय संदेष्ट्याने ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात लिहून ठेवलंय की खोटेपणा, खून आणि चोरी माजल्यामुळे देश शोक करतो आहे, रानातली जनावरं आणि समुद्रातले मासेसुद्धा.

पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातलं ‘पापाचे वेतन मरण’ हे वाक्य आमच्याकडे भिंतींवर लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, देव शिक्षा म्हणून मरण देतो. पण वेतन देतो मालक, आणि पौलाच्या त्या अध्यायात मालक देव नाही, पाप आहे. ग्रीकमध्ये तो शब्द शिपायाच्या रोजमुऱ्याचा आहे. बीडच्या माणसाला मी तो ऊसतोडीच्या मुकादमाच्या उचलीवरून, म्हणजे आगाऊ रकमेवरून, सांगेन. दिवाळीच्या आधी उचल हातात पडते, तेव्हा ती गरज भागवते, बरी वाटते. मग सगळा हंगाम नवरा-बायकोचा ‘कोयता’ कुणाच्या तरी फडात, आणि हिशेब होतो तेव्हा काही बाकी पुढच्या सालावर. पाप असा मुकादम आहे. (कोयता घेऊन जाणारा पापी आहे असं यातून कुणी काढू नये. बायबलमध्ये देव अशा वेळी मजुराच्या बाजूने बोलतो, मुकादमाच्या नव्हे.) त्याच वाक्याचा उत्तरार्ध भिंतीवर जागा न उरल्यामुळे राहून जातो: देवाचं कृपादान मात्र सार्वकालिक जीवन. वेतनाच्या समोर वेतन ठेवलेलं नाही, दान ठेवलंय.

देवाचा क्रोध म्हणजे काय, हेही पौल त्याच पत्रात सांगतो. ‘देवाने त्यांना सोडून दिले’, असं तो तीनदा लिहितो. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला बाप तेच करतो. बाप जिवंत असताना धाकटा वाटणी मागतो. आपल्याकडे अशा पोराला काय म्हणतात ते वेगळं सांगायला नको. बाप वाटणी करून देतो आणि जाऊ देतो.

भावकी

आता भाच्याच्या तारणाकडे येतो.

लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात जमिनीचा कायदा आहे. देव म्हणतो, जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे. अडचणीत कुणी विकलीच, तर किंमत जमिनीची नाही, पुढच्या 50व्या वर्षापर्यंत जेवढी पिकं निघतील तेवढ्यांची. त्या वर्षी जमीन आपोआप मूळ घराकडे परत. पण तोवर थांबायचं नसेल तर? तर सगळ्यात जवळच्या नातलगाने पुढे यायचं आणि पदरचे पैसे घालून ती सोडवायची. माणसाने कर्जापायी स्वतःलाच विकलं असेल, तर त्यालाही सोडवायचं. या नातलगाला हिब्रूत ‘गोएल’ म्हणतात. मराठी बायबलमध्ये सगळं गमावून बसलेला ईयोब म्हणतो, माझा उद्धारक जिवंत आहे. तो उद्धारक म्हणजे गोएल. (बोलीत आपण ‘सात पिढ्यांचा उद्धार केला’ कशाला म्हणतो ते माहीत आहे. इथे सात पिढ्यांचा खरोखरचा उद्धार आहे.)

मराठवाड्यात भावकी म्हटलं की आधी आठवतं ते बांधाचं भांडण, कोर्टाची तारीख आणि लग्नात न झालेलं जेवण. या पुस्तकात भावकीचं काम उलटं आहे: गहाण पडलेलं सोडवणं.

रूथच्या पुस्तकात ते घडताना दिसतं. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, नामीचं कुटुंब जगायला परमुलखात, मवाबात जातं. नवरा आणि दोन्ही मुलं तिथेच जातात. नामी मवाबी सुनेला, रूथला, घेऊन रिकाम्या हाताने परत येते. गावच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांना बसवून बवाज हा नातलग आपल्यापेक्षाही जवळच्या नातलगाला विचारतो, नामीची जमीन सोडवतोस का? तो म्हणतो, सोडवतो. मग बवाज म्हणतो, जमिनीबरोबर रूथचीही जबाबदारी येते. तसा तो गडी मागे सरतो: नको, माझ्या स्वतःच्या वतनाला धक्का लागेल. तो पायातलं पायताण काढून देतो, तीच त्या काळची सही. त्या माणसाचं पुस्तकात नावसुद्धा नाही. अधिकार होता, ऐपत होती, पण सोडवणाऱ्याला झळ लागते आणि ती त्याला नको होती. मग बवाज सोडवतो.

ख्रिस्ती विश्वासाचा कणा मला इथे दिसतो. सोडवायचा अधिकार भावकीलाच, त्रयस्थाला नाही. म्हणून देव माणूस झाला. इब्रीकरांच्या पत्रात हे जवळजवळ याच शब्दांत आहे: माणसांना भाऊ म्हणायला येशूला लाज वाटत नाही, आणि सर्व बाबतींत भावांसारखं होणं त्याला भाग होतं. नाताळ आणि वधस्तंभ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आधी नात्यात आला, मग झळ सोसली.

आता इथे हुशार माणूस विचारतो, पैसे भरले ते कुणाला? येशूने स्वतःच म्हटलंय की मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला. मग खंडणी घेतली कुणी? सुरुवातीच्या शतकांत काहींनी सांगितलं, सैतानाने. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मपंडिताला ते अजिबात पटलं नाही. लुटारूला देवाने देवच मोजून द्यावा, ही कल्पनाच त्याला संतापजनक वाटली. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मपंडिताने सांगितलं, देवाच्या मानाची भरपाई झाली. पुढे प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांनी त्याला न्यायालयाची भाषा दिली: आपली शिक्षा त्याने भोगली. यातलं एकच खरं, असा निवाडा सगळ्या चर्चनी मिळून कधी केलेला नाही. मला वाटतं, उपमा फार ताणली की तिची शिवण उसवते. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून इस्राएल लोकांना सोडवलं तिथेही हेच ‘गोएल’वालं क्रियापद आहे, आणि तिथल्या राजाला, फारोला, कुणी एक पैसा दिलेला नाही.

पण ‘निरपराध माणसाला दुसऱ्याच्या पापाची शिक्षा, हा कुठला न्याय’, हा प्रश्न उपमा म्हणून झटकता येत नाही. उत्तर असं की इथे धनको तिसऱ्याच कुणाला धरून आणत नाही. येशू देव आहे हा ख्रिस्ती विश्वास बाजूला काढला तर ही सगळी गोष्ट क्रूर होते. तो ठेवला तर धनको स्वतःच तोटा सोसतो. 2008, 2017 आणि 2019ला कर्जमाफीच्या योजना आल्या तेव्हा कर्ज हवेत गेलं नव्हतं, कुणाच्या तरी तिजोरीतून गेलं होतं. क्षमा फुकट मिळते ती घेणाऱ्याला. शेतकरी चळवळीने तेव्हाही बजावलं होतं की माफी म्हणू नका, आम्ही गुन्हा केला नाही, कर्जमुक्ती म्हणा. ते बरोबरच आहे. बायबल पापाला कर्जाची उपमा देतं, कर्जाला पाप म्हणत नाही.

आमच्या जालन्याशी जोडलेली एक जुनी हकीकत इथे आठवते. 1843मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. पुढे ते जालन्याला आले आणि जवळच बेथेल नावाचं गाव वसवलं. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्याला कोर्टाने वडिलांच्या हवाली केलं. त्याला जातीत परत घ्यायचं का, यावर मुंबईत मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्या म्हणत होते, सनातनी मंडळी तेवढ्यावरही राजी नव्हती. मला बाळशास्त्रींबद्दल आदर आहे. त्या गर्दीत पोराला घरात घ्या म्हणणारा तो माणूस होता. पण एकाच घरातल्या दोन भावांपुढे दोन वेगळे प्रश्न होते. एकाला विचारलं जात होतं, तू काय भरणार? दुसरा म्हणत होता, माझं कुणीतरी भरलंय.

बोजा उतरल्यावर

भरलंय, म्हणजे आता काहीही करा? भाच्याने हे विचारलंच. कर्जमाफीनंतर नियमित फेडणाऱ्यांची तोंडं कशी होतात ते त्याने काउंटरवरून पाहिलेलं आहे. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा सगळं उधळून परत येतो, बाप त्याला जवळ करतो, तेव्हा रुसणारा थोरला भाऊ अगदी त्या तोंडाचा आहे.

क्षमेने परिणाम पुसले जात नाहीत. दावीद राजाने आपल्या शिपायाची, उरियाची, बायको घेतली आणि उरियाला लढाईत पुढे ठेवून मारवलं. नाथान संदेष्टा त्याला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो आणि म्हणतो, तो माणूस तूच. दावीद कबूल करतो, क्षमा त्याच क्षणी मिळते. पण उरिया परत येत नाही, आणि दाविदाच्या घरात पोरांनीच तलवारी उपसल्या. त्याचं तान्हं मूलही गेलं. ते वाचताना मला दरवेळी जड जातं आणि कुणाचं स्पष्टीकरण अजून पुरं पडलेलं नाही. सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो, पण फेरफाराची नोंद राहते. उठलेल्या येशूच्या हातांवरही खिळ्यांच्या खुणा होत्या.

शिवाय मिळालेली क्षमा पुढे द्यायची असते. येशूने सांगितलेल्या एका गोष्टीत ज्या चाकराला राजाने 10,000 तालांत सोडले, त्याने 100 दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार. चाकराचं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं, सोबत्याचं शंभर दिवसांचं. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतोच, आमची ऋणे सोड, जशी आम्ही ऋण्यांना सोडली. कॅथलिक माणूस धर्मगुरूजवळ जाऊन पाप कबूल करतो, आमच्यासारखे प्रोटेस्टंट उपासनेत सगळ्यांबरोबर किंवा मनात. पद्धत वेगळी, पण शेजाऱ्याचं घेतलेलं परत करायचं दोघांनाही सुटत नाही.

जक्कय तेच करतो. तो यरीहोतला मुख्य जकातदार, बुटका, गर्दीमुळे दिसेना म्हणून झाडावर चढलेला. येशू त्याला खाली बोलावतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. बाहेर लोक कुरकुर करतात. आत जक्कय उभा राहून सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लबाडीने घेतलं त्याला चौपट. आपणहून कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा भरावा, एवढंच जुन्या करारातलं नियमशास्त्र मागत होतं. मग येशू ते ‘आज या घराला तारण’ वाक्य म्हणतो, ज्यावर भाच्याने ‘किती लाखाचं’ विचारलं होतं, आणि लगेच कारण देतो: हाही अब्राहामाचा पुत्र आहे. अब्राहाम म्हणजे यहुद्यांचा मूळ पुरुष. म्हणजे हा भावकीतला.

भाच्याने ताटावरूनच हिशेब केला. अर्धी वाटली, उरली अर्धी. त्यातून चौपट द्यायचं तर मूळ मालमत्तेच्या आठव्या हिश्श्यापेक्षा जास्त लबाडीची निघाली की माणूस बुडाला.

“मामा, हे प्रकरण बसत नाही. हा जकातदार होता. हा फेडू शकणार नाही.”

“नसेलच,” मी म्हणालो. “पण येशू घरात आला तेव्हा त्याने अजून काहीच फेडलेलं नव्हतं.”